डिकी कापणाऱ्या चार मीटरच्या पट्टीस

चार मीटरच्या पट्टीस,

नमस्कार लिहीत नाही. कितीही राग असला तरी पत्राची सुरुवात नमस्काराने करायची ही आपल्याकडची रीत मला ठाऊक आहे, पण आज ती मोडायची असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.

तुझा जन्म 28 फेब्रुवारी 2006 चा. त्या दिवशी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी अर्थसंकल्प मांडला आणि छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं. मग छोटी गाडी म्हणायची कुणाला, हे ठरवायला तुला पुढे केलं. लांबी चार हजार मिलिमीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. हेतू चांगला होता. स्कूटरवर पुढे एक पोरगं उभं, मागे बायको, तिच्या मांडीवर दुसरं, अशा घराला डोक्यावर छप्पर असलेली चार चाकं मिळावीत, यात कुणाला वाईट वाटेल? त्या हेतूशी माझं भांडण नाही. तुझ्या हातून पुढे जे झालं, त्याच्याशी आहे. या देशात, आणि त्यातही आमच्या पुणे, नाशिक, संभाजीनगरच्या कारखान्यांत, जी गाडी बनवायला लोक मन लावून शिकले होते, ती सेडान तू संपवत आणलीस.

तुला सेडान म्हणजे फक्त नियमात न बसणारी लांबी. म्हणून आधी ती काय असते ते ऐक. पुढे इंजिन, मध्ये माणसं, मागे सामान, आणि तिन्हींच्या खोल्या वेगळ्या. माझ्याकडे 2012 साली घेतलेली, रांजणगावच्या कारखान्यात बनलेली फियाट लिनिया आहे. लांबी साडेचार मीटरच्या वर, डिकी 500 लिटरची. दर मे महिन्यात आम्ही कोकणात जातो आणि येताना डिकीत काय काय असतं ते सांगतो : दोन मोठ्या बॅगा, आंब्यांच्या चार पेट्या, पोत्यात गुंडाळलेला फणस, कोकमांचा डबा, काकूने बळेच दिलेले नारळ. हे सगळं आत गेल्यावर झाकण हाताने दाबायचं. एक जड, भरीव आवाज येतो आणि सामान सामानाच्या जागी, माणसं माणसांच्या जागी. फणसाचा वास पुण्यापर्यंत मागेच राहतो.

गेल्या वर्षी त्याच रस्त्याने चुलतभावाच्या नव्या उंच गाडीतून आलो. माणसंही तेवढीच, सामानही तेवढंच. मागच्या काचेपर्यंत पेट्या रचल्या, आरशातून मागचं काही दिसेना. वरंध घाटात एका वळणावर पुढून एसटी आली, भावाने ब्रेक मारला आणि नारळांची पिशवी मागच्या सीटवरून थेट त्याच्या आईच्या खांद्यावर आली. काकूला आठ दिवस हात वर करता आला नाही. ती गाडी लिनियापेक्षा महाग होती, उंच होती, नवी होती. तिच्याकडे एकच गोष्ट नव्हती : सामानाची वेगळी खोली. ती खोली कुणी काढून घेतली ते आता सांगतो.

आधी तू कापाकापी सुरू केलीस. टाटांची इंडिगो चार मीटरहून थोडी लांब होती. 2008 मध्ये तिचं शेपूट छाटून इंडिगो सीएस आली, 3988 मिलिमीटरची. मग मारुतीची डिझायर. या गाडीपाशी मला जरा थांबायचं आहे, कारण तुझं काम इतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसत नाही. 2008 ची पहिली स्विफ्ट डिझायर 4160 मिलिमीटर लांब होती, डिकी 440 लिटरची. 2012 साली दुसरी आली ती 3995 मिलिमीटरची. डिकी 316 लिटरची. 165 मिलिमीटर पत्रा गेला आणि 124 लिटर जागा गेली. 124 लिटर म्हणजे घरातली सगळ्यात मोठी बॅग आणि तिच्यावर आणखी एक पिशवी. ती बॅग तेव्हापासून लाखो घरांतल्या लोकांनी छतावर बांधली आहे नाहीतर मांडीवर घेतली आहे. गाडी बाजूने बघ एकदा. पुढचा भाग आणि मधला भाग एका हाताने काढलेला, मागचा भाग मात्र कागद संपला म्हणून तिथेच थांबवल्यासारखा.

नाशिकला महिंद्राने 2007 पासून लोगान बनवली. दिसायला साधी, पण पाच माणसं आणि त्यांचं पाच दिवसांचं सामान घेऊन न कुरकुरता जाणारी. चार मीटरहून लांब म्हणून तिला जास्त कर. पुढे तिचंच व्हेरिटो झालं, आणि 2013 मध्ये त्या व्हेरिटोचीही शेपटी छाटून व्हाइब काढली, 3991 मिलिमीटरची. चाकणला फोक्सवॅगनने 2016 मध्ये फक्त भारतासाठी अमिओ बनवली : पोलोच्या पाठीला एक आखूड डिकी, एकूण लांबी 3995. चार वर्षांत तीही गेली. ज्या अभियंत्यांनी आयुष्यभर गाडीची रेघ कशी ओढायची याचा अभ्यास केला, त्यांना तू मिलिमीटर मोजत पाठीमागून पत्रा कातरायला बसवलंस. 3988, 3991, 3995. हे आकडे कुणाच्याही सोयीतून आलेले नाहीत. ते तुझ्या भीतीतून आले आहेत.

इथवर असतं तरी मी गप्प बसलो असतो. आखूड का होईना, डिकी तर होती. पण नंतर कंपन्यांच्या लक्षात आलं की डिकी कापत बसण्यापेक्षा ती काढूनच टाकावी आणि गाडी वर वाढवावी. लांबीला तू आहेस, उंचीला कुणीच नाही! 2013 मध्ये इकोस्पोर्ट आली, 3999 मिलिमीटरची. तुझ्या काठाला एक मिलिमीटर सोडून. मग 2016 मध्ये विटारा ब्रेझा, 2017 मध्ये नेक्सॉन, आणि त्यांच्या मागे रांगच लागली. छोट्या गाडीचं जोतं, त्यावर उंच भिंती, चाकांच्या कडेला काळं प्लास्टिक, आणि नाव एसयूव्ही. लोकांना वाटलं आपण मोठी गाडी घेतली. कर मात्र छोट्या गाडीचा. तुला ही पळवाट दिसली नाही असं मी मानत नाही. तुझ्या नावाने नियम लिहिणाऱ्यांना ती वर्षानुवर्षं दिसत होती.

सरकारला एसयूव्हीचा त्रास कळला नव्हता असंही नाही. 2013 च्या अर्थसंकल्पात चिदंबरम यांनीच एसयूव्हीवरचं शुल्क 27 वरून 30 टक्के केलं. या गाड्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये जास्त जागा खातात, म्हणून त्यांनी जास्त द्यावं, हे कारणही त्यांनी तेव्हा सांगितलं. पण एसयूव्ही ओळखायची कशी? पुन्हा तूच पुढे. चार मीटरहून लांब, 1500 सीसीहून मोठं इंजिन, आणि जमिनीपासून 170 मिलिमीटर किंवा त्याहून उंच. मग महिंद्राने एक्सयूव्ही 500 जमिनीकडे उतरवून 160 मिलिमीटरवर आणली आणि कर वाचवला. मोजपट्टी पुढे केली की माणूस पट्टी बघून गाडी बनवतो, रस्ता बघून नाही. हे तेव्हाच सगळ्यांना कळायला हवं होतं.

आता हिशेबाचं बोलू, कारण तुझी भाषा तीच. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. छोट्या गाड्यांना 18 टक्के, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना 40. छोटी कोण, हे ठरवायला अजून तूच. चाकणला बनणारी स्कोडा स्लाव्हिया घे. तिचं छोटं इंजिन 999 सीसीचं आहे, म्हणजे 1200 च्या कितीतरी आत. पण लांबी 4541 मिलिमीटर. कर 40 टक्के. नाशिकला बनणारी बोलेरो घे. दीड लिटरचं डिझेल इंजिन, स्लाव्हियाहून कितीतरी जड, घरासारखी उभी. पूर्वी तीही चार मीटरहून लांब होती, 2016 मध्ये तिलाही छाटून 3995 वर आणलं. कर 18 टक्के. दहा लाखांच्या गाडीवर एकीला एक लाख ऐंशी हजार, दुसरीला चार लाख. दोन लाख वीस हजारांचा दंड, आणि तो कशाबद्दल? धुराबद्दल नाही, वजनाबद्दल नाही, रस्ता अडवण्याबद्दलही नाही. डिकीबद्दल. बोलेरो खेड्यापाड्यांत किती उपयोगी पडते ते मी पाहिलं आहे आणि तिच्यावर माझा आकस नाही. पण हलकी, एक लिटर इंजिनाची गाडी ऐषाराम, आणि जड डिझेल गाडी गरिबाची, हा न्याय फक्त टेप लावून गाड्या ओळखणाराच करू शकतो.

याचा परिणाम बाजारात दिसतो. 2024-25 या वर्षात देशात सुमारे 43 लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या, त्यातल्या जवळपास 65 टक्के एसयूव्ही आणि त्यांच्या जातकुळीतल्या. सेडानचा वाटा दहा टक्क्यांच्याही खाली. कोरोला आल्टिस गेली, सिव्हिक गेली, एलान्ट्रा गेली, 2025 मध्ये सियाझ गेली. तुझी बाजू घेणारे म्हणतील, लोकांनाच सेडान नको झाली, जगभर हेच चाललं आहे. अमेरिकेतही फोर्डने सेडान बंद केल्या, हे खरं. पण मग डिझायर आजही खपाच्या पहिल्या रांगेत का आहे? डिकीची हौस लोकांना अजून आहे. कराच्या माराने त्यांना तेवढी कापलेलीच परवडते, इतकंच.

मागच्या दिवाळीत मी बहिणीबरोबर एका शोरूममध्ये गेलो होतो. तिला सेडान हवी होती. विक्रेता तरुण पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "ताई, आता सेडान कोण घेतं? उंच गाडी घ्या. रस्ता वरून दिसतो, सेफ वाटतं." बहीण आत बसली. मी तिच्या साडेचार वर्षांच्या मुलीचा हात धरून गाडीच्या समोर उभा राहिलो आणि मग हात सोडून बाजूला झालो. "दिसते का गं?" बहिणीने मान उंच केली, पुढे झुकली, स्टिअरिंगवर छाती टेकवली. मुलगी बोनेटच्या पुढे एका पावलावर उभी होती, लाल फ्रॉकमध्ये, आणि तिच्या आईला तिच्या डोक्याचा केससुद्धा दिसत नव्हता. शेजारी उभ्या असलेल्या सेडानमध्ये बसवलं तर कपाळापासून वर पोरगी दिसली. विक्रेता काही बोलला नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी पंधरा-वीस पोरं खेळतात. तिथे आता अशाच भिंतीसारख्या तोंडाच्या गाड्या वळतात.

उंच म्हणजे सुरक्षित हा समज तर पार चुकीचा आहे. गाडी जितकी उंच तितका तिचा भार वर, आणि घाटात झटकन वळवावी लागली तर तिचा तोल जाण्याचा धोका जास्त. सुरक्षा पोलादात असते, जोडकामात असते, एअरबॅगमध्ये असते. चाकणच्या स्लाव्हिया आणि फोक्सवॅगन व्हर्टसला 2023 मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत पाच तारे मिळाले. मारुतीच्या गाड्यांत पहिल्यांदा पाच तारे कुणाला मिळाले? नोव्हेंबर 2024 मध्ये, नव्या डिझायरला. एका सेडानला. हे कुठल्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत मी पाहिलं नाही.

तुझ्यावर सगळंच घालणार नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली पद्मिनी तुझ्यामुळे गेली नाही. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या त्या कंपनीची ती गाडी तुझ्या जन्माआधीच बंद पडली होती. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि एकदा स्पर्धा आली तेव्हा ती टिकली नाही. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. पण तिच्यात एक गोष्ट शिकण्यासारखी होती. पद्मिनीची लांबी चार मीटरच्या आतच होती! तरीही ती पुरी सेडान होती, कारण तिची रेघ पहिल्यापासून तेवढ्याच जागेत काढली होती. दादर स्टेशनाबाहेर वळकटी, ट्रंक आणि पाच माणसं पोटात घेऊन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर खटकन टाकत निघालेली ती काळी-पिवळी कुणालाच अर्धवट वाटली नाही. आखूड असणं वेगळं आणि कापलेलं असणं वेगळं.

रस्त्यांचाही दोष आहे, आणि तो मी नगरपालिका, महापालिका, सार्वजनिक बांधकाम खाती यांच्या पदरात टाकतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी रातोरात उभा राहिलेला गतिरोधक लिनियाच्या पोटाला रोज घासतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरला की खाली बसलेल्या गाडीचा चालक देवाचं नाव घेऊनच चाक घालतो. त्या माणसाने कंटाळून उंच गाडी घेतली तर त्याला मी बोल लावणार नाही. पण खड्डे बुजवायचे सोडून सगळ्या देशाने गाड्याच उंच करायच्या, हा कुठला मार्ग? आणि उंच गाडीवाल्याला खड्डा लागत नाही, म्हणून तो खड्ड्याची तक्रारही करत नाही. तो खड्डा स्कूटरवाल्यासाठी तसाच राहतो.

तुझ्या कापणीचं पीक कुठे उगवलं ते बघायला महाराष्ट्रात फार फिरावं लागत नाही. रांजणगावला जिथे माझी लिनिया बनली, तिथे आता 3995 मिलिमीटरची नेक्सॉन बनते. नाशिकला जिथे लोगान बनत होती, तिथे आता छाटलेल्या उंच गाड्या बनतात. तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना डिसेंबर 2020 मध्ये थांबला. पुढे ह्युंदाईने तो घेतला, आणि तिथून आता नवी व्हेन्यू निघते, 3995 मिलिमीटरची. चाकणला स्लाव्हियाच्या शेजारी स्कोडाचीच कायलॅक आली आहे. तिचीही लांबी तीच, 3995. त्या कारखान्यांत आमच्या पोरांना काम मिळतं आहे, याचा मला आनंदच आहे. पण एवढ्या वेगवेगळ्या कंपन्या, एवढे वेगवेगळे अभियंते, आणि सगळ्यांच्या गाड्या एकाच आकड्यावर येऊन थांबतात, याला मी कारागिरी म्हणणार नाही.

सगळ्यात जास्त कळ येते ती संभाजीनगरची. शेंद्र्याच्या कारखान्यात स्कोडाने या शतकाच्या सुरुवातीपासून ऑक्टेव्हिया जुळवली, मग सुपर्ब. मराठवाड्यातली पोरं आयटीआय करून तिथे लागली. कुणाच्या भावाने, कुणाच्या मित्राने घट्ट केलेल्या बोल्टांची गाडी मुंबईच्या मोठ्या साहेबाच्या दारात उभी असायची, आणि त्याचा अभिमान गावाला असायचा. ऑक्टेव्हियाची डिकी 600 लिटरची होती. पाठीमागचं झाकण काचेसकट वर जायचं आणि आत एक छोटं स्वयंपाकघर मावेल अशी जागा. 2023 मध्ये धुराचे नवे नियम आले, आणि आधीच रोडावलेल्या विक्रीसाठी नवा खर्च कोण करणार म्हणून दोन्ही गाड्या बंद झाल्या. पुढच्याच वर्षी सुपर्ब परत आली, जहाजातून, पूर्ण बनून, फक्त शंभर नग, 54 लाखांना. आधी शेंद्र्यात जुळलेली तीच गाडी पस्तीस लाखांच्या आसपास मिळायची. ऑक्टोबर 2025 मध्ये ऑक्टेव्हिया आरएस आली. तीही जहाजातूनच, तीही फक्त शंभर, 49 लाख 99 हजारांना. बघता बघता सगळ्या गेल्या.

मी हे वाचलं तेव्हा शेंद्र्यातल्या एका जुन्या ओळखीच्या कामगाराला फोन केला. त्याने दहा वर्षं तिथे दरवाजे बसवले होते. तो म्हणाला, "दादा, आपण जी बनवायचो ती आता श्रीमंतांना बाहेरून आणून देतात. आपल्याला काय, बघायची." मला उत्तर सुचलं नाही. धुराचे नियम तू केले नाहीस, आयात शुल्क तू ठरवलं नाहीस. पण चार मीटरच्या पुढच्या प्रत्येक सेडानला तू इतकी वर्षं इतकं आवळून ठेवलंस की अडचण येताच कंपन्यांनी पहिल्यांदा तिलाच सोडलं. मध्यमवर्गाच्या हातात डिकी नसलेली उंच गाडी, श्रीमंताच्या हातात परदेशातून आलेली सेडान, आणि मधे जी आपली, इथे बनलेली, साडेचार मीटरची घरगुती गाडी होती, तिची जागा रिकामी.

म्हणून हे पत्र तुझ्यासाठी असलं तरी शेवटचं मागणं जीएसटी परिषदेकडे करतो. पट्टी काढा. गाडीचं वजन मोजा, ती किती धूर सोडते ते मोजा, तिच्या बोनेटची उंची मोजा, आणि त्यावर कर लावा. फ्रान्सने जड गाड्यांवर वजनाचा कर लावला आहे, तसा आपल्यालाही लावता येईल. हलक्या, खाली बसलेल्या, एक लिटर इंजिनाच्या गाडीला ती लांब आहे एवढ्यासाठी 40 टक्के लावणं बंद करा.

आणि ज्यांना यंदा गाडी घ्यायची आहे त्यांना एक विनंती : घेण्याआधी एकदा घरातलं सगळ्यात लहान मूल गाडीसमोर उभं करून आत बसा, आणि एकदा घरातली सगळ्यात मोठी बॅग बरोबर नेऊन मागे ठेवून बघा. मध्यमवर्गाच्या आवाक्यातल्या दोन पूर्ण लांबीच्या सेडान, स्लाव्हिया आणि व्हर्टस, चाकणच्या कारखान्यातून अजून बाहेर पडतात. महाराष्ट्रात आता तेवढ्याच उरल्या आहेत.

तुझा नव्हे, डिकीचा,
पुण्यातला एक लिनियावाला